अनुदान हातात येत नाही, हे आधी समजून घ्या

शिलाईचं युनिट टाकताना मी पहिली चूक केली ती उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीसाठी, एजंटला पैसे देण्याची. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, आधार आणि पॅन जवळ असलं की झालं. स्वतःच करा.

दोन-तीन मशिन घ्यायच्या असतील तर मुद्रा कर्ज बघा. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, आणि तारण लागत नाही.

मोठं आणि अगदी नवं काही उभं करायचं असेल तर पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम; यात बँकेच्या कर्जाला सरकारी अनुदानाची जोड असते. मला वाटलं होतं, अनुदान रोख मिळेल! तसं नसतं. महिलेला ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान. स्वतःचे ५ टक्के घालायचे. (सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला २५ आणि १५, त्याचा वाटा १० टक्के.) बाकीचं बँकेचं कर्ज. अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं आणि युनिट चालू असेल तरच कर्जखात्यात वळतं. म्हणजे हप्ते भरायची तयारी पहिल्यापासून हवी.

यासाठीच्या अर्जासोबत जो प्रकल्प अहवाल द्यायचा, त्यात जागेची किंमत धरू नका. मी धरली होती, फाईल परत आली. दुसऱ्यांदा मशिनची कोटेशन्स जोडली आणि रोज किती नग शिवणार, कोण घेणार, हे लिहिलं. बँकेतल्या साहेबांनी नेमकं तेवढंच विचारलं. दुसऱ्याकडून अहवाल लिहून घेतलात, तरी आकडे तुम्हाला तोंडपाठ हवेत.