म्यूरेनला पायी चढताय? या चुका टाळा

स्वित्झर्लंडमधलं म्यूरेन साधारण १६४० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतकं उंच. फरक एवढाच की तिथे वर अख्खं गाव नांदतं, तेही गाड्यांशिवाय. "कळसूबाई काय, दरवर्षी करतो आपण," म्हणत आम्ही लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात पोहोचलो आणि पहिली चूक बसमध्येच केली.

श्टेखेलबेर्गच्या केबल कारपाशी सगळी बस रिकामी झाली, म्हणून आम्हीही उतरलो. वाटेतल्या गिमेलवाल्ड गावामार्गे वर जायचं असेल तर बसून राहा. पायवाट पुढे, शेवटच्या थांब्याजवळ श्टेखेलबेर्ग गावातून सुटते. आमची तंगडतोड डांबरावरच सुरू झाली.

सगळ्यात महागात पडते ती पाटी वाचण्यातली चूक. पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते. आणि ती न थांबता चालणाऱ्याची! फोटो, पाणी, बुटातला खडा काढणं, धबधबा बघत उभं राहणं, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर सरळ दीडपट धरा. श्टेखेलबेर्ग ते म्यूरेन चढ सातशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे सुरुवातीलाच पळालात तर गिमेलवाल्डआधीच दम निघेल. खुणांचे रंगही बघून घ्या: पांढरा-लाल-पांढरा म्हणजे डोंगरवाट, चांगले बूट हवेतच. पांढरा-निळा-पांढरा दिसला की आपण मागे फिरायचं.

वाटेत गाईंच्या कुरणाला तार आडवी येते. तिच्यात वीज असते. आमच्यातल्या एकाने ती हाताने वर उचलली आणि पुढची दहा मिनिटं गप्प चालला. प्लॅस्टिकची मूठ धरून आकडा सोडवा, पलीकडे गेलात की परत अडकवा. विसरलात तर गाई बाहेर पडतील.

"वर जाऊन जेवू" हा बेतही फसतो. बऱ्याच ठिकाणी दोनच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं, ते थेट संध्याकाळी उघडतं. आम्ही अडीचला पोहोचलो आणि समोर आयगरचं शिखर बघत पिशवीतले ठेपले खाल्ले. तक्रार नाही, पण ते ठेपले नसते तर? पाण्याची मात्र चिंता नको, गावातल्या हौदाच्या नळाचं पाणी पिता येतं. फक्त 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तिथे बाटली भरू नका.

उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होऊ शकतो. सकाळी लवकर निघा, आकाश काळवंडलं तर उघड्या माळावर रेंगाळू नका.

उतरताना हट्ट नको. चढताना दम लागतो, गुडघे बोलतात ते उतारावर. ते कुरकुरायला लागले तर केबल कारने खाली या. शेवटची फेरी किती वाजता आहे, हे मात्र सकाळीच बघून ठेवा. आणि फोनमध्ये १४१४ घालून ठेवा, तिकडच्या हेलिकॉप्टर बचाव सेवेचा नंबर आहे. विम्यात हा खर्च धरलाय का, तेही घरूनच तपासून निघा.