लॅपटॉप टीव्हीला जोडला, पण चित्र येत नाही? केबल विकत आणण्याआधी हे करा

केबल दोन्हीकडे नीट बसली आहे आणि टीव्हीच्या मागे सॉकेटवर जो एचडीएमआय नंबर आहे तोच रिमोटवरून निवडला आहे, एवढं मी धरून चालतो. तरीही ‘नो सिग्नल’ येत असेल तर पुढे वाचा. आणि ‘ड्रायव्हर अपडेट करून बघा’ म्हणणाऱ्याला सध्या चहा प्यायला पाठवा.

लॅपटॉपवर विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि ‘एक्स्टेंड’ निवडा. तपासणी चालू असताना ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ला हातही लावू नका. टीव्ही आधीच काळा असतो, त्यात लॅपटॉपही काळा होतो, आणि मग बसा अंधारात बटणं चाचपत.

आता सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले. वर दोन चौकोन दिसतात का ते बघा, १ आणि २. सगळं पुढचं यावर ठरतं.

दुसरा चौकोन नसेलच, तर लॅपटॉपला टीव्हीचा पत्ताच लागलेला नाही. टीव्हीचा प्लग भिंतीतून काढा (रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे), मिनिटभर थांबा, टीव्हीचं दुसरं सॉकेट वापरा. टाइप-सी पोर्टातून कन्व्हर्टर लावला असेल तर आधी त्या पोर्टातून चित्र निघतं का हे लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघा, कारण बऱ्याच लॅपटॉपचं टाइप-सी फक्त चार्जिंग आणि डेटापुरतं असतं. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डात लावा, मदरबोर्डात नाही. बहुतेक वेळा इथेच काम होतं.

दोन्ही चौकोन दिसतात, टीव्हीचं नावसुद्धा बरोबर येतं आणि तरी टीव्ही काळा, ही खरी डोकेदुखी. माझे तीन दिवस यात गेले, तेही नेमके कुठले तीन दिवस! फेब्रुवारी २०२५, नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियमवर रणजीची फायनल, विदर्भ विरुद्ध केरळ. नागपुरातल्या महाल भागात साळ्याकडे नवा ५५ इंची फोर-के (३८४० × २१६० ठिपक्यांचा) टीव्ही आलेला, केबल भिंतीतून पाइपमध्ये टाकून प्लास्टर करून घेतलेलं. स्टेडियम अठरा-वीस किलोमीटरवर आणि घरात नऊ माणसं टीव्हीसमोर, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’.

“भाऊजी, लॅपटॉपवर टीव्हीचं नाव तर येऊन राहिलं. मग केबल कशी खराब राहील?” साळा म्हणाला. मलाही ते पटलं. तिथेच मी फसलो.

एचडीएमआयच्या केबलमध्ये सगळ्या तारा एकच काम करत नाहीत. टीव्ही आपली ओळख सांगतो, म्हणजे नाव काय, कुठलं रेझोल्यूशन (चित्रात किती ठिपके) चालतं वगैरे, ते वेगळ्या तारांवरून अगदी संथ जातं. चित्र जातं ते तारांच्या दुसऱ्या जोड्यांवरून, प्रचंड वेगाने. फोर-के ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांना, १८ गिगाबिट प्रतिसेकंदाची केबल लागते; एचडीएमआयच्या जुन्या १.४ आवृत्तीच्या काळातली जोडणी १०.२ वर थांबते. म्हणजे होतं असं, की टीव्ही म्हणतो ‘मला फोर-के चालतं’, लॅपटॉप मान डोलावतो आणि तेवढं पाठवतो, केबलला ते झेपत नाही. नाव दिसलं म्हणजे केबल बरी, हे डोक्यातून काढून टाका. केबल थोडक्यात कमी पडत असेल तर टीव्ही पूर्ण काळा न होता पांढरे ठिपके चमचमतात, किंवा चित्र दोन सेकंद जातं आणि परत येतं. तेही याच आजाराचं लक्षण.

म्हणून पहिलं काम: मागणी कमी करा. इथे दुसरा खड्डा आहे आणि त्याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी डिस्प्ले रेझोल्यूशन १९२० × १०८० केलं, टीव्ही काळाच राहिला, आणि मी ठरवून टाकलं की रेझोल्यूशनचा काही संबंध नाही. चूक. खाली ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जा, वरून टीव्ही निवडा आणि दोन ओळी वाचा: ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘अॅक्टिव्ह सिग्नल मोड’. माझ्याकडे पहिलीत १९२० × १०८० होतं आणि दुसरीत ३८४० × २१६०. लॅपटॉप स्वतःच चित्र मोठं करून केबलवर फोर-केच ढकलत होता. तुमच्याकडेही तसं दिसलं तर तिथल्याच ‘डिस्प्ले अॅडॅप्टर प्रॉपर्टीज’मध्ये शिरा, ‘लिस्ट ऑल मोड्स’ दाबा आणि यादीतून १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ निवडा. आता दुसरी ओळ बदलली का ते परत बघा. ती बदलल्याशिवाय तपासणी झालीच नाही.

चित्र आलं? मग टीव्ही ठीक, लॅपटॉप ठीक, केबल किंवा मधला कन्व्हर्टर कमजोर. एवढ्यावरही अंधारच राहिला, तरच दुसरी केबल मागा, तीही शेजाऱ्याकडून, तासाभरासाठी.

मला हे कळेपर्यंत मी बर्डीच्या बाजारातून दोन केबल आणल्या होत्या, दोन्ही दहा मीटरच्या, दोन्ही सोनेरी टोकांच्या. सोनेरी मुलाम्याने गंज लागत नाही, बाकी चित्रात कणभर फरक पडत नाही. केरळचा कर्णधार ९८ वर आउट झाला तो क्षण आम्ही नऊ जणांनी १५ इंची स्क्रीनवर एकमेकांच्या खांद्यावरून पाहिला.

पुढे काय करायचं ते गरजेवर. क्रिकेट आणि सिनेमे लॅपटॉपवरून बघायचे तर १०८० वर खुशाल ठेवा, सोफ्यावरून फार फरक कळत नाही. फोर-के ३० हर्ट्झ मी घेणार नाही. माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा चालतो. फोर-के ६० हवंच असेल तर दोन-तीन मीटरची, ‘प्रीमियम हाय स्पीड’चं प्रमाणित लेबल असलेली केबल घ्या, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या सॉकेटसाठी ‘इनपुट सिग्नल प्लस’, ‘डीप कलर’ किंवा ‘एन्हान्स्ड’ असं जे काही असेल ते चालू करा. भिंतीतून लांब न्यायची असेल तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणारी, केबल घ्या. तिला दिशा असते. सोर्स लिहिलेलं टोक लॅपटॉपकडे. उलटी टाकून वर प्लास्टर केलं, तर देव तुमचं भलं करो.

किरकोळ राहिलं ते असं. टास्कबार कडेला कापला जात असेल तर टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर स्पीकरच्या चिन्हावरून टीव्ही निवडा. डेस्कटॉप दिसतो पण पैसे भरून घेतलेल्या ॲपमधला सिनेमाच काळा येतो, तर मधला स्प्लिटर (एक सिग्नल दोन टीव्हींना वाटणारा डबा) किंवा स्वस्त कन्व्हर्टर काढा. कॉपी-संरक्षण त्याच्यापाशी अडतं.

आणि केबल लावताना टीव्हीच्या मागच्या पत्र्याला किंवा लॅपटॉपला हात लागून झिणझिण्या आल्या, तर आधी दोघांचेही प्लग काढा, केबल बसवा, मग वीज द्या. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत अर्थिंग बरेचदा नावालाच असतं. साळ्याकडे उन्हाळ्यात कूलरला हात लावतानाही सगळे आधी पायात चप्पल घालतात.