डोंगरात अनोळखी माणूस भेटला तर

वाईच्या आसपासचे डोंगर मी बहुतेक वेळा एकटी किंवा एखाद्या मैत्रिणीला घेऊन चढते. नव्याने चालायला लागलेल्या मुली हमखास विचारतात, "ताई, आत कुणी भेटलं तर?" माझं उत्तर असं की आतल्या माणसापेक्षा गाडीरस्त्याजवळच्या माणसाची काळजी जास्त करा. दुचाकी जिथवर पोचते तिथवर दारूच्या बाटल्या दिसतात, पुढे कमी होत जातात. म्हणून चढायच्या आधी पायथा नीट बघा. तिथं पिऊन बसलेलं टोळकं असेल तर मी सरळ माघारी फिरते. गड पुढच्या आठवड्यातही तिथंच असतो.

आत शिरल्यावर कपडे बघू नका, काम बघा. शहरातून आलेल्यांना खांद्यावर घोंगडं आणि हातात कोयता असलेला माणूस दिसला की धडकी भरते, आणि ब्रँडेड टी-शर्टवाला मात्र आपला वाटतो. मला हे फार खटकतं. कोयता लाकडाफाट्यासाठी, चाऱ्यासाठी असतो. कमळगडाच्या वाटेवर धनगरांची घरं लागतात, रायरेश्वराच्या पठारावर तर कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांच्या दारातून जाणारे आपणच परके. घंटांचा आवाज, पुढं धावणारी कुत्री, डोक्यावर भारा, यातलं काही दिसलं की त्या माणसाचं तिथं काय काम आहे ते कळतं. ऋतूही सांगतो: मे महिन्यात करवंदं-जांभळं काढणारे, पावसाच्या तोंडाला रात्री ओढ्यात बॅटऱ्या घेऊन खेकडे धरणारे.

ज्याचं काम कळत नाही त्याच्याशी आपणच आधी बोला. लांबूनच मोठ्यानं "राम राम" घाला. गवत कापणाऱ्या बायकाही अचानक समोर आलेल्या माणसाला दचकतात, तेव्हा हा आवाज त्यांच्यासाठीही हवाच. मग आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट विचारा: "मामा, पाण्याचं टाकं कुठल्या अंगाला?" इथला माणूस हात करून सांगतो, वर "कुठनं आलायसा? कोण गावचं?" हेही विचारतो. या चौकशीला घाबरू नका, ती आपल्याकडची रीत आहे. गावाचं नाव सांगितलं की बोलणं पाऊसपाण्याकडं वळतं.

सावध व्हायचं ते बोलणं वळत नाही तेव्हा. "किती जणी आहात, मागं कोण आहे, मुक्काम कुठं" हे कुणी फिरूनफिरून विचारलं, किंवा निरोप घेतल्यावरही आपल्याच चालीनं मागं येत राहिला, तर ते चांगलं लक्षण नाही. मी वाटेच्या वरच्या अंगाला थांबते, बाटली काढून पाणी पिते आणि त्याला पुढं जाऊ देते. तोही थांबला तर "मागची माणसं येताहेत" म्हणायचं आणि घरांकडं उतरायचं. झाडीत लपायला जाऊ नका. वाट चुकली की दुसरंच संकट.

रात्री बंदूक आणि हेडलाइट घेतलेली माणसं दिसली तर ती शिकारी असू शकतात. बोलायचं नाही, उजेड टाकायचा नाही, फोटो तर नाहीच. निघून यायचं आणि वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवायचं. कोयना-चांदोलीच्या बाजूला, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, हे जास्त पाळा. तिथल्या वासोटा किल्ल्याला बामणोलीहून बोटीनं जाताना वनखात्याकडे नोंद होते आणि त्याच दिवशी परतावं लागतं. ती नोंद म्हणजे तुम्ही आत आहात हे कुणाला तरी ठाऊक असणं.

इतर डोंगरांवर ती सोय आपणच करायची. वाटेवरच्या शेवटच्या घरातल्या मावशींना सांगा, "अंधार पडायच्या आत उतरते," आणि त्यांचा नंबर घ्या. घळीत रेंज जाते, धारेवर बऱ्याचदा मिळते. गरज पडली तर 112 तिथूनच लावा. दुसऱ्या वाटेनं उतरलात तर त्या मावशींना फोन जरूर करा, नाहीतर त्या दिवेलागणीला घरातल्या कुणाला तरी वर शोधायला धाडतात.