वायफायवर श्वास मोजताय? या चुका टाळा

लालबागची आमची चाळीतली खोली, आजीची खाट आणि वर गरगरणारा जुना पंखा. आजीच्या अंगाला काहीही न लावता तिचा श्वास वायफायवर मोजायचा, हा माझा हट्ट. छाती हलली की वायफायच्या लहरी किंचित बदलतात, तो बदल पकडायचा. लॅमिंग्टन रोडवरून ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा बोर्ड आणला. खाटेच्या एका अंगाला राउटर, दुसऱ्या अंगाला बोर्ड. तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर झोकदार लाट आली, मिनिटाला १५ श्वास. आईला हाक मारून दाखवते तर आजी मोरीत भांडी घासतेय. खाट रिकामी, श्वास चालूच!

तो श्वास पंख्याचा होता. पंख्याचे मिनिटाला ३९५ फेरे, पाती तीन, म्हणजे एका जागेवरून सेकंदाला १९.७५ पाती जातात. मी मोजत होते सेकंदाला २० वेळा. उरला फरक ०.२५, मिनिटाला बरोबर १५. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, तोच प्रकार.

मुळात २० का, तर बोर्डाकडून कॉम्प्युटरला माप नेणारा सिरियल पोर्ट ११५२०० बॉडवर (हा त्याचा वेग) ठेवला होता. त्यातून सेकंदाला साडेअकरा हजार अक्षरं जातात, आणि एका पॅकेटची ओळच चार-पाचशे अक्षरांची. पंचवीसच्या पुढे ओळी गळायला लागल्या, म्हणून मी पिंगच, म्हणजे मोजायला राउटरशी होणारी पॅकेटांची देवाणघेवाणच, कमी केलं. करायला हवं होतं उलटं: बॉड ९२१६०० करा, पॅकेटं सेकंदाला १०० ठेवा. मग पंखा आपल्या जागी, २० हर्ट्झच्या आसपास दिसतो आणि फिल्टरने सरळ कापता येतो. शंका आली तर पंखा बंद करून बघा. मी ते सगळ्यात शेवटी केलं.

दुसरी चूक, आरएसएसआयवर, म्हणजे सिग्नलच्या जोरावर, विसंबणं. तो अख्ख्या सिग्नलचा एकच ढोबळ आकडा. छाती हलते जेमतेम सेंटीमीटरभर आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची. एवढा बारीक बदल त्यात बुडून जातो. वायफायचा सिग्नल अनेक बारीक फ्रिक्वेन्सींत, म्हणजे उपवाहकांत, वाटलेला असतो; सीएसआय (चॅनेलच्या स्थितीची माहिती) प्रत्येक उपवाहकाचं वेगळं माप देतं, तेच घ्या. ईएसपी३२ प्रत्येक मापाचे दोन बाइट देतो, आधी त्या संमिश्र संख्येचा काल्पनिक भाग, मग वास्तव. उलट वाचलंत तरी अॅम्प्लिट्यूड (लहरीची उंची) बरोबरच येतं, म्हणून चूक कळत नाही. फेजचा (लहर चक्रात कुठे आहे त्याचा) मात्र विचका होतो.

आलेख मध्येच सगळ्या उपवाहकांवर एकदम उडी मारतो? आजी दचकली नाही, रिसीव्हरने आपला गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, बदलला. प्रत्येक पॅकेटचं माप त्याच्याच सरासरीने भागा. राउटरचं चॅनेल ‘ऑटो’वर सोडू नका. चाळीत शेजाऱ्यांची वीसेक नेटवर्कं दिसतात. गर्दी वाढली की राउटर चॅनेल बदलतो आणि कालची बेसलाइन, म्हणजे तुलनेचं मूळ माप, वाया जाते. १, ६, ११ यांतलं सगळ्यात मोकळं धरा नि तिथेच राहा.

नोंदींवरून श्वास ओळखायला मॉडेल शिकवत असाल तर सोमवारच्या नोंदींतल्याच काही तपासायला ठेवू नका; ९८ टक्के अचूकता बघून हुरळून जाल. मंगळवारी लोखंडी कपाटाचं दार उघडं राहिलं तरी लहरींच्या वाटा बदलतात. तपासायला वेगळा दिवस हवा.

आणि फळ्यांच्या पार्टिशनला वायफाय जुमानत नाही. पलीकडच्या काकूंचं फिरणंही आमच्या आलेखात उमटायचं. त्यांना सांगितलं, बोर्ड आतल्या भिंतीकडे सरकवला आणि त्या रात्रीच्या नोंदी पुसल्या.