एफ-१ व्हिसावर इंटर्नशिप: सीपीटी काढताना काय पाहावं

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना इंटर्नशिपचं ऑफर लेटर आलं की जॉइनिंगची तारीख पक्की करण्याआधी सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीची) नोंद असलेला नवा आय-२० (विद्यापीठाने दिलेलं विद्यार्थी-पात्रतेचं प्रमाणपत्र) काढावा लागतो. तो विद्यापीठातला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं पाहणारा अधिकारी, सेविस या सरकारी ऑनलाइन प्रणालीमधून देतो. इमिग्रेशन खात्याकडे अर्ज नाही, सरकारी फी नाही, कामाच्या परवान्याचं वेगळं कार्डही नाही.

त्याआधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष फुल-टाइम शिक्षण झालेलं हवं. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्यापासूनच प्रत्यक्ष काम सक्तीचं आहे, तिथेच याला अपवाद. काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, म्हणून अनेक विभाग इंटर्नशिपच्या क्रेडिट कोर्सला नाव घालायला लावतात. हे आधी उरकावं. उन्हाळ्याच्या तोंडावर विद्यापीठाच्या या कार्यालयांत गर्दी उसळते.

ऑफर लेटरमध्ये कंपनीचं नाव, कामाचा पत्ता, दोन्ही तारखा, आठवड्याचे तास आणि कामाचं स्वरूप स्पष्ट लिहून घ्या. ‘जून ते ऑगस्ट’ एवढ्या मोघम मजकुरावर भागत नाही. नवा आय-२० आला की त्याच्या दुसऱ्या पानावरच्या नोंदीशी हे सगळं ताडून पाहा.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. मंजूर तारखेच्या एक दिवस आधी काम केलं तरी ते बेकायदा ठरतं, आणि मॅनेजर ‘सोमवारी ट्रेनिंगला येऊन बस’ म्हणाला, तर तेही कामच. मुदत वाढली किंवा कंपनी बदलली, तर जुनी मंजुरी चालत नाही. नवी हातात येईपर्यंत थांबायचं.

आठवड्याला २० तासांपर्यंत पार्ट-टाइम, त्यावर फुल-टाइम. फुल-टाइम सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली, तर त्या पदवी-स्तरावरची ओपीटी (आपल्या विषयातल्या कामाची, सहसा पदवीनंतर वापरली जाणारी परवानगी) जाते, तिच्यामागून मिळणारी २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांची) मुदतवाढही. पार्ट-टाइम यात धरत नाहीत. तीन महिन्यांच्या एका उन्हाळ्याने काही बिघडत नाही. सलग सेमिस्टरं जोडणाऱ्यांनी मात्र दिवस मोजावेत.

आय-९ फॉर्मसाठी (यात कंपनी तुमची ओळख आणि कामाची परवानगी तपासते) पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि नवा आय-२० पहिल्या दिवशीच न्या; कंपनीला तपासणी ३ कामकाजी दिवसांत करावी लागते. पगार आणि करासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्ज काम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासून करता येतो.

पहिली पे-स्लिप नीट वाचा. एफ-१ वरच्या पहिल्या ५ कॅलेंडर वर्षांत सहसा सोशल सिक्युरिटी (पेन्शन) कराचे ६.२ टक्के आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्य विमा) कराचे १.४५ टक्के कापायचे नसतात. कापले असतील तर आधी पेरोलला सांगा. त्यांनी परत दिले नाहीत, तर फॉर्म ८४३ भरून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, मागा.