ॲपचा आयकॉन बनवताय? या चुका टाळा

लोगोचं बॅकग्राउंड उडवायला आता पाच सेकंद लागतात आणि ते निस्तरायला अर्धा दिवस. फोटोशॉप वापरा, गिम्प वापरा, नाहीतर ब्राउझरमधलं एखादं फुकटचं साधन वापरा. दुरुस्तीला येणाऱ्या फायलींत चुका त्याच त्या असतात.

सगळ्यात छळणारी चूक म्हणजे कडेची पांढरी रेघ. एका डेअरीच्या ॲपचं काम होतं. मालकांनी व्हॉट्सॲपवर टाकलेला जेपीजी लोगो आमच्याकडच्या नव्या पोराने उचलला, एका क्लिकमध्ये पांढरं उडवलं आणि आयकॉन झाला म्हणून मोकळा झाला. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनवर तो छानच दिसला. मालकांच्या फोनवर मात्र काळा वॉलपेपर. लगेच फोन आला, "अहो, आमच्या गायीला कापूस चिकटलाय की काय?" पोराने उपाय म्हणून कडेला फेदर मारलं, म्हणजे कड धूसर केली, तर कापूस आणखी पसरला.

कारण साधं आहे. चित्राच्या कडेचे पिक्सेल निव्वळ लोगोच्या रंगाचे किंवा निव्वळ पांढरे नसतात, दोन्हींची मिसळ असते. बॅकग्राउंड गेलं तरी त्या मिसळीतला पांढरा तिथेच राहतो. त्यात जेपीजीने कड आधीच कुरतडलेली असते. माझी सवय अशी: काम सुरू करतानाच खाली गडद निळ्या रंगाचा लेअर (थर) टाकतो, रेघ असेल तर तिथल्या तिथे दिसते. मग गिम्पमध्ये बॅकग्राउंड डिलीट करण्याआधी लोगोचं सिलेक्शन 'श्रिंक'ने एक पिक्सेल आत घेतो. फोटोशॉपमध्ये कडेची अशी रेघ घालवायला लेअर मेनूत 'मॅटिंग'खाली 'डीफ्रिंज' आहे. लोगो दोन-तीन सपाट रंगांचा असेल तर या भानगडीत पडतच नाही, इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये पेन टूलने नव्याने काढतो. त्याहून सोपं म्हणजे मालकांना विचारा, दुकानाचा बोर्ड कुणी केला? त्या फ्लेक्सवाल्याकडे कोरल ड्रॉची मूळ फाइल बहुतेक वेळा असते. एक फोन करायचा कंटाळा करून लोक तासभर कडा घासत बसतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसरी चूक कोपऱ्यांची. आयकॉन 'ॲपसारखा' दिसावा म्हणून आधीच कोपरे गोल करून सावली टाकलेली असते. करू नका. प्ले स्टोअरला ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा पूर्ण चौकोन द्या, गोलाई आणि सावली गूगल स्वतः देतं. ॲपल १०२४ बाय १०२४ मागतं आणि त्यात पारदर्शक भाग चालत नाही, अपलोडलाच अडतं. तेव्हा कापलेले कोपरे घाईघाईत काळ्याने किंवा पांढऱ्याने भरले जातात आणि फोनवर त्याच रंगाचे तुकडे डोकावतात. फोनमधल्या आयकॉनचं आणखी वेगळं. अँड्रॉइड ८ पासून पुढचा आणि मागचा असे दोन लेअर लागतात, प्रत्येकी १०८ डीपीचे (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप). त्यातला मधला ७२ डीपी भागच दिसतो, तोही कुठल्या फोनवर गोल तर कुठे चौकोनी. म्हणून लोगो मधल्या ६६ डीपीच्या वर्तुळात बसवा. गाय कडेपर्यंत ताणली की शिंगं गेलीच समजा.

मराठी नावाच्या लोगोला आपोआप कापणाऱ्या साधनांपासून जपा. अनुस्वाराचं टिंब कचरा समजून उडतं, बारीक वेलांटी तुटते, आणि 'व' किंवा 'ब'च्या पोटातला पांढरा मात्र तसाच राहतो. एकेक अक्षर डोळ्यांनी तपासा.

बाकीच्या किरकोळ. पारदर्शक चित्र जेपीजीत सेव्ह करू नका, त्यात पारदर्शकता राहतच नाही. नेटवरून उतरवलेल्या 'पारदर्शक' पीएनजीतल्या राखाडी चौकटी (पारदर्शक भागाची खूण) कधीकधी चित्रातच रंगवलेल्या असतात, खाली रंगीत लेअर टाकून पाहा. फुकटच्या साधनाने लहान करून दिलेली फाइल १०२४ पर्यंत ताणू नका. व्हॉट्सॲपवर लोगो मागवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आणि आयकॉनमध्ये दुकानाचं पूर्ण नाव, 'स्थापना' आणि फोन नंबर कोंबू नका. मालक आग्रह धरतात. मी वाद घालत नाही, ४८ पिक्सेलचा आयकॉन त्यांच्याच फोनवर पाठवतो आणि वाचून दाखवा म्हणतो.