लव्हक्राफ्ट वाचायला घेताय? आधी या चुका टाळा

अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टचा जाडजूड समग्र खंड हौसेनं आणायचा आणि चाळिसाव्या पानाच्या आसपास कायमचा मिटून ठेवायचा, हे अनेकांचं होतं. माझंही झालं. मी थेट 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'ला हात घातला होता. अंटार्क्टिका, प्राचीन शहर, म्हटलं मजा येणार. पण सुरुवातीला पानंच्या पानं खडकांचे थर, जीवाश्म आणि खोदकाम. भीती जागी होण्याआधी मीच झोपलो. गोष्ट जबरदस्त आहे, पण ती पाचवी-सहावी वाचायची.

समग्र खंड पहिल्या पानापासून वाचणं ही दुसरी चूक. कथा बहुधा कालक्रमानं लावलेल्या असतात, त्यामुळे सुरुवातीलाच हात न बसलेल्या कथा आणि लॉर्ड डन्सनी या अद्भुतकथाकाराच्या प्रभावाखालच्या स्वप्नकथा वाट्याला येतात.

मग लोक नाव ऐकून 'द कॉल ऑफ क्थुल्हू' उघडतात. १९२८ ची ही कथा म्हणजे मागे राहिलेली कागदपत्रं, वर्तमानपत्राचं कात्रण, पोलीस अधिकाऱ्यानं सांगितलेली हकीकत आणि खलाशाची नोंद यांची जुळवाजुळव. क्थुल्हू, म्हणजे टी-शर्टावरचा तो अक्राळविक्राळ प्राणी, प्रत्यक्ष येतो अगदी शेवटी, तोही थोडाच वेळ. त्याच्यासाठीच वाचाल तर हिरमोड ठरलेला.

माझ्या मते सुरुवात करावी ती १९२७ च्या 'द कलर आउट ऑफ स्पेस'पासून. एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते, बस्स. त्या वर्षी बागेतली फळं नेहमीपेक्षा मोठी आणि तकतकीत धरतात. नेहम गार्डनरला वाटतं, यंदा चांदी! पण चावा घेतला तर कडू. पुढे झाडं रात्री मंद उजळू लागतात, मग एकेक गोष्ट राखाडी होऊन भुसभुशीत पडत जाते, जनावरं आणि माणसंसुद्धा. सगळं करणारा तो 'रंग' कुठल्याच ओळखीच्या रंगात बसत नाही. जारणमारण नाही, पछाडणारा आत्मा नाही, सूड नाही. जे आलंय त्याला माणसाशी देणंघेणंच नाही, ही लव्हक्राफ्टची खरी भीती इथे शेताच्या बांधावर उभी राहून दिसते. नंतर छोटीशी 'द म्युझिक ऑफ एरिक झान' आणि मग 'द शॅडो ओव्हर इन्समाउथ' घ्या.

वाक्यात अडलात तर? प्रत्येक विशेषणासाठी शब्दकोश काढू नका. मोठ्यानं वाचा, लय सापडली की अर्थ मागून येतो. आणि एका बैठकीत एकच कथा. सलग तीन वाचल्या की सगळे निवेदक एकाच माणसासारखे घाबरायला लागतात.

त्याचा वंशद्वेष मात्र डोळेझाक करण्याजोगा नाही. तो उघड दिसणारी 'द हॉरर ॲट रेड हुक' अगदी शेवटी ठेवा, नाही वाचलीत तरी काही अडत नाही.

विकत घेताना मुखपृष्ठ नीट बघा. लव्हक्राफ्टचा लेखकमित्र आणि नंतरचा प्रकाशक ऑगस्ट डर्लेथ याचं नाव सहलेखक म्हणून असेल, तर मजकूर बहुतेक डर्लेथचाच. लव्हक्राफ्ट १९३७ मध्येच गेला होता. संपादक एस. टी. जोशी असतील तर डोळे मिटून घ्या. छापताना शिरलेल्या चुका हस्तलिखितांशी ताडून दुरुस्त करणारा हा अभ्यासक जन्मानं पुण्याचा.

आणि हो, त्याच्या कथांत येणारा गूढ ग्रंथ 'नेक्रोनॉमिकॉन' शोधत बसू नका. तो ग्रंथ लव्हक्राफ्टनंच कल्पिलेला. त्या नावानं विकलं जातं ते इतरांनी मागाहून लिहिलेलं.